पाऊस पडायच्या आधीची बैठक

(सामुदायिक रेडिओवरच्या 'बचत गटाची वेळ' या सदरातलं भाषण)

 

आजचा विषय आहे रोपवाटिका आणि हिवाळ्यातला पाऊस. ऐकायला जरा विचित्र वाटेल. हिवाळा म्हटलं की धुकं, दव आणि शेकोटी आठवते. पण ज्या गटांनी रोपं विकायचा धंदा धरलाय, त्यांना विचारा. पावसाळ्यातल्या पावसाची आपण वाटच पाहत असतो, त्याची सगळी तयारी असते. फसवतो तो दिवाळीनंतरचा पाऊस.

मान्सून आपल्या भागातून साधारण ऑक्टोबरच्या मध्याला परत जातो. त्यानंतर समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं किंवा चक्रीवादळ उठलं की ढग पुन्हा आपल्याकडे वळतात. कधी उत्तरेतून येणारी थंड हवा आणि समुद्रावरून येणारी वाफ एकमेकींना भिडतात आणि गारा पडतात. डिसेंबर २०२१ ची पहिली आणि दुसरी तारीख जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या लोकांना आठवत असेल. त्या थंडी-पावसात मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या दगावल्या. नोव्हेंबर २०२३ च्या २६ तारखेला नाशिक जिल्ह्यात निफाडकडे गारपीट झाली आणि द्राक्षबागा झोडपून निघाल्या. म्हणजे हा पाऊस आता पाहुणा राहिलेला नाही. दर वर्षी येईलच असं नाही, पण येऊ शकतो असं धरूनच चालायला हवं.

आणि नेमकी हीच आपली कमाईची वेळ. उन्हाळी कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकायचं आणि डिसेंबर-जानेवारीत लागणीला द्यायचं. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची, झेंडू यांच्या रोपांना मागणी असते ती पण याच दिवसांत. वर्षाची निम्मी कमाई या तीन महिन्यांत होते, आणि याच तीन महिन्यांत आभाळ भरून येतं.

आमचा गट जुन्नर तालुक्यातला. आम्ही बारा जणी आहोत. वीस गुंठे जागा भाड्यानं घेतली आहे. त्यात एक शेडनेट आहे, तिथं ट्रेमध्ये कोकोपीट भरून भाजीची आणि झेंडूची रोपं करतो. बाहेर गादीवाफ्यावर कांद्याचं रोप असतं. कडेला कुंड्यांमध्ये तुळस, गुलाब, जास्वंद, कढीपत्ता. आणि आमच्यातल्या चौघी नारायणगावला काही बंगल्यांच्या बागा सांभाळायला जातात. असा सगळा मिळून आमचा धंदा.

आता मुद्द्यावर येतो. पाऊस दोन दिवस पडतो. रोपं मरतात ती पुढच्या आठ-दहा दिवसांत. आणि गट मोडायला लागतो तो त्यानंतर. रात्री कोण गेलं, कोण नाही गेलं, खाड्याचे पैसे कुणाला, गिऱ्हाइकाचे पैसे परत द्यायचे का, यावरून कुरबुरी सुरू होतात. पाऊस अंगावर असताना हे निर्णय होत नाहीत, झाले तर भांडणात होतात. म्हणून आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एक बैठक घेतो. तिला आमच्याकडे नावच पडलंय, पावसाची बैठक. आभाळ स्वच्छ असतं, बायका हसतात, 'अगं, ऊन बघ किती पडलंय' म्हणतात. पण बैठक होते आणि ठराव वहीत लिहिला जातो. त्या बैठकीत चार गोष्टी ठरतात. रोप, रात्र, रोज आणि शब्द. एकेक सांगतो.

पहिली गोष्ट रोप.

पावसाच्या पाण्यानं रोप मरत नाही, साचलेल्या पाण्यानं मरतं. म्हणून वाफा सपाट नको, गादीवाफाच हवा. साधारण तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर म्हणजे वीतभरापेक्षा थोडा कमी उंच. एक मीटरपेक्षा जास्त रुंद केला तर मधलं तण काढायला वाफ्यावर पाय द्यावा लागतो, आणि ओल्या वाफ्यावर पाय दिला की माती दबून बसते. दोन वाफ्यांमधला चर शेवटी कुठं जाऊन मिळतो हे चालत जाऊन बघायचं. पुष्कळ ठिकाणी चर असतो, पण त्याचं तोंड बांधाला जाऊन बंद झालेलं असतं. मग चराचं तळं होतं. आम्ही दिवाळीच्या आत सगळे चर कुदळीनं मोकळे करून घेतो.

ट्रे जमिनीवर टेकवून ठेवायचे नाहीत. विटांवर बांबू आडवे टाकून त्यावर ठेवले तरी चालतात. ट्रेच्या बुडाला भोकं असतात ती पाणी निघून जायलाच. ट्रे चिखलात बसला तर ती भोकं बुजतात, आणि पावसाचे थेंब जमिनीवर आपटून माती उडते ती पानांवर जाते. मातीबरोबर बुरशी जाते.

शेडनेट पाऊस अडवत नाही हे नव्या गटांनी लक्षात ठेवावं. जाळीतून पाणी गळतंच, उलट मोठे थेंब होऊन गळतं. म्हणून रोपांवर कमानी लावून प्लॅस्टिक टाकायची सोय आधीच करून ठेवायची. कमानी बांबूच्या चालतात. कमान पुरेशी उंच आणि गोल हवी, कारण सपाट प्लॅस्टिकवर पाणी साचतं, त्याचं पोट खाली येतं आणि सगळा भार रोपांवर बसतो. प्लॅस्टिकच्या कडांना विटा किंवा मातीच्या पिशव्या. ह्या पिशव्या आधी भरून जागेवर ठेवलेल्या असाव्यात. वारा सुटल्यावर विटा शोधत फिरायची वेळ येऊ नये.

पण मैत्रिणींनो, खरी गंमत इथं आहे. प्लॅस्टिक टाकलं म्हणजे काम झालं असं नाही. आतमध्ये रोपाला घाम येतो. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात ना, तो ओलावा बुरशीला फार आवडतो. म्हणून पाऊस थांबला की लगेच, उजाडलं की लगेच, दोन्ही टोकं उघडायची आणि वारा खेळू द्यायचा. झाकण्यापेक्षा उघडायला विसरल्यानं जास्त रोपं जातात. आमच्या वहीत झाकणारीचं नाव वेगळं आणि उघडणारीचं नाव वेगळं लिहिलेलं असतं.

ढगाळ हवेत पाणी कमी द्यायचं. रोजच्या सवयीनं झारी उचलू नका. कोकोपीट हातात घेऊन मूठ दाबा. पाणी ठिबकलं तर आज पाणी नको. नुसता ओलसर गोळा झाला तर ठीक आहे. दाबलेलं लगेच सुटून मोकळं झालं तर पाणी द्या. आणि द्यायचं ते सकाळी, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात. ऊन नसताना रोप उंच आणि लुसलुशीत वाढतं. बघायला छान वाटतं, पण त्याच्यात दम नसतो. अशा वेळी युरिया देऊ नका. शेडनेटवर जादा सावली केली असेल ती काढा. दोन दिवस ऊन मिळू द्या, रोप आपोआप काटक होतं.

आता रोग. सर्वात वाईट रोपांची मर. रोपाची मान जमिनीलगत बारीक होते, पाणचट होते, आणि सकाळी उभं असलेलं रोप दुपारी आडवं पडतं. एका ठिकाणी सुरू होतं आणि डोक्याला चाई पडावी तसं गोल पसरत जातं. यावर खरा इलाज बी टाकण्याआधीचा. एक किलो बियाण्याला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळायचा. रोग दिसलाच तर तेवढ्या जागेतली रोपं मातीसकट काढून लांब खड्ड्यात पुरायची, शेणखताच्या ढिगात टाकायची नाहीत. मग आजूबाजूला दहा लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून मुळाशी ओतायचं. ट्रायकोडर्मा आणि हे औषध एकदम देऊ नका. ट्रायकोडर्मा ही स्वतःच चांगली बुरशी आहे, औषधानं ती पण मरते. कांद्याच्या पातीवर जांभळट चट्टे दिसले तर तो करपा. त्याचं औषध आणि प्रमाण आपल्या कृषी सहाय्यकांना रोप दाखवून विचारा. दुकानदारानं दिलं आणि आपण मारलं असं करू नका. औषधाची बाटली दाखवू नका, रोप दाखवा.

आणखी एक. सगळं बी एकाच दिवशी टाकायचं नाही. आम्ही आठ-आठ दिवसांच्या अंतरानं टाकतो. कोवळं रोप पावसाला लवकर बळी पडतं, थोडं मोठं झालेलं तग धरतं. टप्प्यानं टाकलं तर पाऊस एका टप्प्याला मारतो, सगळ्यांना नाही.

दुसरी गोष्ट रात्र.

हा भाग आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यात रोपाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. आमचा जुन्नर तालुका बिबट्यांचा. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण उसात राहणारे बिबटे कुणी कोंडून ठेवलेले नाहीत. रात्री दहाला वारा सुटला, पत्रा वाजायला लागला, की बाईच्या मनात पहिला विचार येतो, रोपं उघडी आहेत, पळत जाऊन झाकून येते. घरातले पण म्हणतात, जा, तुमच्या गटाचं आहे ना. आणि ती एकटी, हातात मोबाइलची बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं निघते.

आणि रोपवाटिकेचं काम कसलं असतं? वाकून, उकिडवं बसून करायचं. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात की अंधारात शेतात वाकून किंवा बसून राहू नका. वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. म्हणजे आपलं कामच नेमकं धोक्याचं.

म्हणून आमचा ठराव असा. दिवस मावळल्यावर रोपवाटिकेत कुणीही जायचं नाही. रोपं वाचवायला पण नाही. पावसाचा अंदाज असेल तर झाकणं दुपारी चारला पूर्ण झालेलं असलं पाहिजे. अगदीच जावं लागलं तर तिघीपेक्षा कमी नाही, एक घरचा पुरुष माणूस बरोबर, मोठी बॅटरी, आणि मोठ्यानं बोलत जायचं. लहान मूल बरोबर न्यायचं नाही. आणि जी नाही गेली तिला दुसऱ्या दिवशी कुणी बोलायचं नाही. हे शेवटचं वाक्य आमच्या ठरावात लिहिलेलं आहे. ते लिहायचा आग्रह आमच्यातल्या सर्वात वयस्कर आजींनी धरला. त्या म्हणाल्या, 'रोपं गेली तर परत टाकता येतील. बोलणं मात्र सुनेला घरी पण खावं लागतं आणि इथं पण.'

विजेचंही तसंच. हिवाळ्यातल्या अवकाळीत वीज कडाडते. ढग गडगडायला लागले की लोखंडी सांगाड्याच्या शेडनेटमधून बाहेर यायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही, सरळ पक्क्या घरात जायचं. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' आणि शेतीसाठी हवामान सांगणारं 'मेघदूत' अशी दोन सरकारी अ‍ॅप मोबाइलवर मिळतात. आमच्या गटात दोघी मुली कॉलेजला जातात, त्यांच्यावर हे काम दिलंय. रोज सकाळी अंदाज बघायचा आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून टाकायचा. लिहून नाही, बोलून. कारण आमच्यातल्या तिघींना वाचता येत नाही.

तिसरी गोष्ट रोज.

मैत्रिणींनो, बचत गटात आपण पंचसूत्री शिकलो. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. पण आभाळ नियमित नाही. पाच दिवस पाऊस राहिला, ट्रे भरायचं काम बंद, गिऱ्हाईक नाही, तर त्या पाच दिवसांचा रोज कुणी द्यायचा?

आमच्या गटात यावरून खरोखर दोन तट पडायची वेळ आली होती. ज्यांच्या घरी थोडीफार शेती आहे, नवरा कामाला जातो, त्यांचं म्हणणं होतं की काम नाही तर दाम नाही, गटाचा पैसा गटात राहू दे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, कारण गटाच्या बँकेच्या कर्जाचा हप्ता पाऊस बघत नाही. पण आमच्यातल्या एका ताईंना ना शेती, ना नवरा. दोन मुलं शाळेत. त्यांच्या घरी पाच दिवस खाडा म्हणजे किराणा उधार, आणि उधारी वाढली की दारावर येऊन कर्ज देणारे असतातच. आठवड्याचा हप्ता, आणि एक हप्ता चुकला की घरासमोर येऊन बसतात. त्या ताई बैठकीत एवढंच म्हणाल्या, 'मी भीक मागत नाही. हंगामात मी एक दिवस खाडा केला नाही, ते वहीत बघा.' वही उघडली. खरंच एकही खाडा नव्हता.

त्यावर जो मार्ग निघाला तो आज आमच्यासारख्या कुठल्याही गटाला जमण्यासारखा आहे. विकल्या गेलेल्या प्रत्येक रोपामागे दहा पैसे बाजूला काढायचे. दहा पैसे म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हंगामात दोन लाख रोपं गेली तर वीस हजार रुपये होतात. हा आमचा अवकाळी निधी. बँकेत गटाच्याच खात्यावर राहतो, पण वहीत त्याचं पान वेगळं. पावसामुळं काम बंद राहिलं तर हजेरीवर असलेल्या प्रत्येकीला अर्धा रोज या निधीतून. तीनशे रुपये रोज धरला तर दीडशे रुपये. बारा जणींचे पाच दिवसांचे होतात नऊ हजार. निधीत बसतात. आणि त्या पाच दिवसांत जी दिवसाउजेडी झाकायला-उघडायला आली तिला पूर्ण रोज. जिचं मूल आजारी आहे किंवा अंगावर पितं बाळ आहे तिला अर्धा तरी मिळतोच. निधीतली उरलेली रक्कम हंगामाच्या शेवटी वाटायची नाही, पुढच्या वर्षाला राहू द्यायची. कारण लागोपाठ दोन वर्षं पण पाऊस येऊ शकतो.

यात सगळ्यांचं समाधान झालं असं आम्ही म्हणणार नाही. अजूनही दोघींना वाटतं की अर्धा रोज जास्त आहे. पण भांडण पावसात होत नाही, ऑक्टोबरमध्ये होतं, आणि हाताखाली वही असते.

चौथी गोष्ट शब्द. म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द.

पाऊस पडला की शेतात वाफसा येत नाही. वाफसा नाही तर लागण नाही. म्हणजे आपल्याकडे रोप तयार आहे आणि शेतकरी दादा म्हणतात, आठ दिवस थांबा. कोबीचं रोप पंचवीस-तीस दिवसांचं झालं की ते जायला हवं. थांबलं तर जून होतं, मुळं ट्रेमध्ये गुंडाळून बसतात, मग लागण केली तरी नीट फुटत नाही. इकडे आपली जागा अडकते, पुढच्या टप्प्याचे ट्रे ठेवायला जागा नाही.

आणि दुसरी बाजू. पावसानं ज्यांची घरची रोपं मेली ते सगळे एकदम रोपं शोधत फिरायला लागतात. भाव चढतो. आमच्याकडे एका हंगामात असं झालं. एका दादांनी विसार देऊन कोबीची वीस हजार रोपं सांगितली होती, एक रुपयाप्रमाणे. त्यांच्या शेतात पाणी होतं, वाफसा नव्हता. त्याच दिवशी संध्याकाळी दुसऱ्या तालुक्यातला एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. दीड रुपयानं सगळी रोपं द्या, रोख देतो म्हणाला. वीस हजाराच्या जागी तीस हजार, आणि तेही आत्ता. पाच तारखेला बँकेचा हप्ता होता. एकीच्या मुलीची फी भरायची होती. टेम्पो दारात उभा आणि आम्ही बारा जणी शेडमध्ये बसलेल्या. कुणी म्हणालं, दादांचा विसार परत देऊ, त्यात काय. कुणी म्हणालं, त्यांनीच न्यायला उशीर केला.

शेवटी रोपं दिली नाहीत. विसार घेतला म्हणजे ते रोप आपल्याकडे ठेवायला दिलेलं असतं, आपलं नसतं, एवढाच विचार त्यामागे होता. दादांनी नऊ दिवसांनी रोपं नेली. त्यातली बरीच जून झालेली बाजूला काढावी लागली, त्यांचे पैसे सोडावे लागले. म्हणजे चढा भाव पण गेला आणि ठरलेले पैसे पण पुरे आले नाहीत. हप्त्यासाठी गटाच्या बचतीला हात लावावा लागला. हे आम्ही यासाठी सांगतोय की शब्द पाळणं फुकट होत नाही. त्याची किंमत आधी धरावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी शब्द पाळायची ताकदच राहत नाही.

म्हणून आता आमच्या पावतीवर चार ओळी छापलेल्या असतात. किती रोपं, कुठलं वाण, किती विसार, आणि रोप न्यायची तारीख. तारखेनंतर सात दिवस आम्ही रोप सांभाळतो, त्याचे पैसे घेत नाही. त्यापुढे फोन करतो. दादा म्हणाले अजून वाफसा नाही, तर दोन मार्ग. पुढच्या टप्प्यातली रोपं त्यांना लावून द्यायची, किंवा त्यांच्या संमतीनं ही रोपं दुसऱ्याला विकून त्यांचा विसार परत करायचा. संमती फोनवर नाही, मेसेजवर घ्यायची. टप्प्यानं बी टाकायचा फायदा इथं पण होतो, बघा. पुढचा टप्पा असेल तरच हे जमतं.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. ज्या ट्रेमध्ये मर लागली, त्यातलं चांगलं दिसणारं रोप पण विकायचं नाही. रोग मुळाबरोबर त्याच्या शेतात जातो. ते शेत आपल्यासारख्याच एखाद्या बाईच्या कष्टाचं असतं. तिथं ते रोप मेलं तर तिला कळणार नाही का की कुठून आणलं होतं?

आता थोडं कुंड्यांच्या आणि बागांच्या कामाबद्दल. पावसात आठवडी बाजारात कुंडी कुणी घेत नाही. तेव्हा रिकामं बसण्यापेक्षा आडोशाला बसून पिशव्या भरायच्या, गुलाबाच्या कलमांना नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या, बियाणं साफ करायचं. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके आले तर ती पानं तोडून घ्यायची, खाली पडलेली पण गोळा करायची. बंगल्यांच्या बागांचं काम आम्ही रोजावर घेत नाही, महिन्याच्या ठरलेल्या पैशावर घेतो. रोजावर घेतलं की पाऊस पडला, काम नाही, पैसे नाहीत. महिन्यावर घेतलं की पावसाच्या दिवशी न केलेलं काम ऊन पडल्यावर करून देता येतं. मालकीणबाईंना आधीच सांगून ठेवतो की ओल्या हिरवळीवर चालायचं नाही, ओली हिरवळ कापायची नाही, पावसात गुलाबाची छाटणी करायची नाही. त्या दिवशी आम्ही आलो नाही म्हणजे चुकारपणा नाही, ते झाडाच्याच भल्याचं आहे. नीट समजावून सांगितलं की त्यांना पटतं. आणि कुंड्यांच्या खालच्या ताटल्या ओतून रिकाम्या करायला एक जण जातेच, नाहीतर मुळं कुजतात आणि डास होतात.

शेवटी कागदांचं. नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा. फोटोत रोपं दिसली पाहिजेत आणि जागा ओळखू आली पाहिजे. तलाठी आणि कृषी सहाय्यकांना लगेच कळवा. इथं एक गोष्ट आपल्या बायकांच्या लक्षात राहत नाही. जमीन भाड्याची असेल तर सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो, आणि सरकारी मदत सातबारा बघून येते. मग कष्ट गटाचे आणि मदत जमीनमालकाच्या खात्यावर. म्हणून भाडेकरार कागदावर करा. त्यातच लिहून घ्या की नुकसानभरपाई आली तर ती गटाला द्यायची. जमीन सासऱ्यांची असली, दिराची असली तरी लिहून घ्या. घरचंच आहे म्हणून लिहायला लाजू नका. लिहिलेलं असलं की नातं पण टिकतं.

राज्य सरकारची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आहे. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेसाठी शेडनेट, पॉलिटनेल यांना त्यात अनुदान मिळतं आणि महिला गटांना प्राधान्य असतं. जागेच्या आणि पाण्याच्या अटी आहेत. या वर्षी अर्ज सुरू आहेत का, आपल्या तालुक्याला किती जागा आहेत, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन विचारा. एकटीनं जाऊ नका, चौघी मिळून जा. चौघी गेल्या की साहेब बसायला सांगतात.

तर मैत्रिणींनो, हे सगळं एकदम लक्षात राहणार नाही, म्हणून एवढंच करा. येत्या बैठकीत वहीचं एक कोरं पान उघडा. वर लिहा, पावसाचा ठराव. खाली चार ओळी. झाकायला कोण आणि उघडायला कोण. अंधारात कुणी जायचं नाही. रोपामागे किती पैसे निधीला. आणि विसाराच्या रोपाचं काय करायचं. चार ओळींखाली सगळ्यांच्या सह्या घ्या. जिला सही येत नाही तिला ठराव मोठ्यानं वाचून दाखवा आणि मग अंगठा घ्या. वाचून न दाखवता घेतलेला अंगठा काही कामाचा नाही.

तुमच्या गटात याहून वेगळी काही पद्धत असेल तर रेडिओच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या वेळी ती आम्ही सगळ्यांना सांगू. आणि हो, आज आभाळ मोकळं आहे. चर बघून या.